कोणाचा उजवा? सिम्युलेटर, कमांडो आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपल्या नाशिकमधल्या गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा पाऊसच पडला. बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते, की कमांडो आणि त्यांना घेऊन जाणारे पायलट सिम्युलेटरमधे, म्हणजे उडण्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मशीनमधे, नक्की करतात काय, आणि जमिनीला खिळलेल्या डब्यात बसून खरी मोहीम शिकता येते का. आधीच सांगतो, मी पायलट नाही. मी सिम्युलेटरच्या मागच्या बाजूला इन्स्ट्रक्टरच्या शेजारी कन्सोलवर बसणारा माणूस, मशीन चालू ठेवायचं, सांगितलं की धुकं आणायचं, सांगितलं की इंजिन बंद पाडायचं, एवढं माझं काम. त्या खुर्चीतून जे बघितलं आणि जे जगजाहीर आहे तेच लिहितोय.

मुलगा बारावीला आहे, दिवसभर मोबाईलवर हेलिकॉप्टरचा गेम खेळतो आणि म्हणतो आई हे पण सिम्युलेटरच आहे, मी प्रॅक्टिस करतोय. खरं आहे का हे? (एक आई, उपनगर)

ताई, थोडं खरं आहे. कोणतं मीटर काय सांगतं, वळताना काय होतं हे गेममधून कळतं, उगाच ओरडू नका त्याला. पण मोठा फरक आहे. गेममधे पडलं की रीस्टार्ट मारायचं आणि पुढे. सिम्युलेटरमधे पडलं की खरं काम तिथून सुरू होतं.

आमच्याकडे फ्रीझचं बटण असायचं. पायलट चुकला की इन्स्ट्रक्टर खुणेनं सांगायचा आणि मी ते दाबायचो. सगळं जागच्या जागी थांबतं, समोरची धूळ हवेत तशीच लटकलेली, पंख्याचा आवाज बंद, हेडफोनमधे फक्त त्या मुलाचा श्वास ऐकू येतो. चांगला इन्स्ट्रक्टर त्या वेळी कधीच आवाज चढवत नाही, तो शांतपणे विचारतो, आत्ता तुझी नजर कुठे होती? आणि मग ते पोरगं खरं सांगतं, की सर मी बाहेर बघत होतो, उंचीच्या मीटरकडे गेले कित्येक सेकंद बघितलंच नाही. हे खरं सांगणं म्हणजे अर्धं ट्रेनिंग. उडणं तासाभराचं आणि त्यानंतर बसून केलेली चिरफाड, जिला डेब्रीफ म्हणतात, ती दोन-दोन तासांची, असे दिवस मी बघितलेत. गेम खेळणाऱ्याला कोणी समोर बसवून हे विचारत नाही.

मुलाला खरंच यायचं असेल तर बारावीनंतर एनडीएची परीक्षा आहे, पदवीनंतर सीडीएसची आहे, आर्मीमधे आधी अधिकारी व्हायचं आणि मग एव्हिएशनकडे निवड होते. आणि घरात मुलगी असेल तर तिलाही सांगा, मे २०२२ मधे कॅप्टन अभिलाषा बराक यांना आर्मीच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर म्हणून विंग्ज, म्हणजे पायलटचा बिल्ला, मिळाल्या त्या इथेच, आपल्या नाशिकमधे.

सिम्युलेटर जागच्या जागी चार-पाच फूट हलतो, मग पायलटला विमान वेग घेतंय असं कसं वाटतं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आडगाव)

मित्रा, हा प्रश्न मला फार आवडला. उत्तर तुझ्या कानात आहे. आतल्या कानाला फक्त ढकललं गेल्याचं कळतं, आणि ते वेगानं ढकललं का मागे कलल्यामुळे गुरुत्वाकर्षणानं ओढलं यातला फरक त्याला कळत नाही. म्हणून काय करतात, डब्याला आधी एक छोटा झटका देतात आणि मग तो हळूच मागे कलवतात, पण समोरच्या स्क्रीनवरचं क्षितिज सरळच ठेवतात. डोळा म्हणतो आपण सरळ आहोत, कान म्हणतो मागून ढकलतायत, आणि मेंदू दोन्ही जोडून म्हणतो की वेग वाढतोय. मग डबा इतका हळू परत जागेवर आणायचा की कानाला पत्ता लागत नाही. खाली सहा पाय असतात, प्रत्येक पाय लांब-आखूड होतो आणि त्यातून सगळ्या सहा प्रकारच्या हालचाली मिळतात. स्ट्युअर्ट नावाच्या इंजिनिअरचा यावरचा पेपर १९६५ चा आहे, म्हणून त्याला स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात. तुझ्या कॉलेजमधे छोटा बनवता येईल, प्रोजेक्टला घे.

याची सुरुवात तर हार्मोनियमच्या भात्यातून झाली म्हटलं तरी चालेल. अमेरिकेत एडविन लिंक म्हणून होता, वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना, तिथलेच भाते आणि हवेचे पंप वापरून त्यानं १९२९ मधे छोटं लाकडी विमान केलं जे जागेवर कलायचं, वळायचं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीसाठी विकलं गेलं. मग १९३४ मधे तिथल्या सैन्याला टपालाची विमानं उडवायला सांगितलं, कडाक्याची थंडी, रात्र, ढग, आणि फक्त मीटरकडे बघून उडवायचा सराव जवळजवळ कोणालाच नाही, काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. त्यानंतर सैन्यानं लिंककडून सहा ट्रेनर घेतले. पोरं गेल्यावर मशीन आलं, हे मला दर वेळी लागतं.

आपल्याकडे बंगळुरूला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल आणि कॅनडाच्या सीएई कंपनीचं मिळून हॅट्सऑफ नावाचं हेलिकॉप्टर सिम्युलेटर केंद्र २०१० पासून आहे, तिथे आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरचं कॉकपिट आहे, आणि त्याच हलणाऱ्या मशीनवर एक कॉकपिट काढून दुसरं बसवता येतं.

आमच्या वेळी वाळूचं मॉडेल करायचो, काडेपेटीची घरं, हिरव्या भुश्श्याची झाडं, आणि त्यावर सगळी मोहीम समजावून सांगायचो. त्याच्यावर लढाया जिंकल्या. मग हा कोट्यवधींचा खर्च कशाला? (निवृत्त हवालदार, देवळाली कॅम्प)

हवालदार साहेब, तुमचं वाळूचं मॉडेल कुठेही गेलेलं नाही, आजही करतात, आणि करायलाच पाहिजे. सगळ्यात गाजलेलं उदाहरण तर तुमच्याच बाजूचं आहे.

१९७० मधे अमेरिकेनं उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय इथल्या तुरुंगातून आपले युद्धकैदी सोडवून आणायचं ठरवलं. फ्लोरिडात लाकडाच्या पट्ट्या आणि कापड वापरून तो अख्खा तुरुंग उभा केला. शिवाय टेबलावर एक बारकाईनं केलेलं मॉडेल होतं, त्याला बार्बरा म्हणायचे, खास दुर्बिणीतून त्यात बघितलं की जमिनीवर उभं राहिल्यावर दिसेल तसं दिसायचं, अंधारातलं सुद्धा. म्हणजे सिम्युलेटरच की तो, फक्त कॉम्प्युटर नव्हता. सराव किती वेळा, तर जवळपास १७० वेळा. आणि नुसता ठरलेला सराव नाही, एखादं हेलिकॉप्टर पोचलंच नाही तर काय, याचेही सराव.

२१ नोव्हेंबरच्या रात्री झालं तेच. एक हेलिकॉप्टर चुकून जवळच्याच दुसऱ्या आवारात उतरलं, त्यातच मोठी तुकडी आणि मोहिमेचा उपप्रमुख कर्नल सायमन्स. बाकीच्यांनी दुसरा प्लॅन लागू केला आणि काम चालू ठेवलं, कारण तेही हाताखालून गेलं होतं. ५६ जण आत उतरले आणि एकही गेला नाही. कैदी मात्र सापडले नाहीत, त्यांना आधीच दुसरीकडे हलवलं होतं. बघा, सराव पक्का, माहिती शिळी. सराव कितीही चांगला असो, त्यात घातलेली माहितीच चुकीची असेल तर तो काय करणार.

याचंच दुसरं उदाहरण अबोटाबादचं, २ मे २०११. पाकिस्तानातल्या ज्या घरात ओसामा बिन लादेन लपला होता, अमेरिकेत त्याची हुबेहूब नक्कल करून सराव झाला होता, पण नंतर बाहेर आलं ते असं की नकलेत बाहेरची भिंत म्हणून जाळीचं कुंपण लावलं होतं. खऱ्या घराला उंचच्या उंच पक्की भिंत. हेलिकॉप्टर खाली हवा फेकतं, ती जाळीतून निघून जाते, भिंतीतून जात नाही, ती भिंतीला आपटून परत वर येते आणि हेलिकॉप्टर स्वतःच्याच हवेत बुडायला लागतं. पायलट वर ओढतो तरी ते खालीच जातं, आणि त्या रात्री हवा अंदाजापेक्षा गरम, म्हणजे आणखी पातळ. शेपूट भिंतीवर अडकलं, पायलटनं नाक मातीत रुतवलं आणि सगळे वाचले, ते त्याच्या हाताचं कौशल्य. पण मुळात अडचण कुठली तर एका भिंतीची.

सिम्युलेटरवर खर्च करायचा तो इथे, साहेब. वाळूच्या मॉडेलवर भिंत दिसते, पण भिंतीला आपटून येणारी हवा दिसत नाही. चांगल्या सिम्युलेटरमधे ती घालता येते, तापमान घालता येतं, अमावस्या घालता येते. मी स्वतः एकाच छतावर एकाच रात्रीत अकरा वेळा लँडिंग बघितलंय, दर वेळी फक्त वाऱ्याची दिशा बदललेली, नवव्या वेळेपर्यंत तो पायलट चुकत होता आणि शेवटच्या दोन वेळा अलगद उतरला. खऱ्या हेलिकॉप्टरवर अशा नऊ चुका कोण करू देईल? पण हे सगळं घालणारा माणूसच आळशी असेल, भिंत आहे का कुंपण हे विचारणारच नसेल, तर तुमचं काडेपेटीचं घरच बरं, निदान ते बनवताना चार जण चर्चा तरी करतात.

सिम्युलेटर म्हटलं की सगळे पायलटबद्दलच बोलतात. दोरीवरून खाली उतरणारे कमांडो, त्यांचं काय? ते कुठे सराव करतात? (अकरावीतली विद्यार्थिनी, मखमलाबाद)

पोरी, हा प्रश्न मोठ्या मोठ्या लोकांनी फार उशिरा विचारला, आणि त्याची किंमत मोजली.

एप्रिल १९८०, इराणमधले ओलीस सोडवायची अमेरिकेची मोहीम. आठ हेलिकॉप्टरं निघाली, वाटेत धुळीचे लोटच्या लोट, काही बिघडली, वाळवंटात चालण्याजोगी पाचच उरली आणि किमान सहा लागत होती. मोहीम रद्द. परत निघताना उडालेल्या फुफाट्यात एक हेलिकॉप्टर उभ्या असलेल्या विमानावर आदळलं आणि आठ जण गेले, शत्रूची एक गोळी न लागता. नंतर चौकशी झाली, त्यात निघालेल्या मोठ्या दोषांपैकी एक असा की हेलिकॉप्टरवाले, विमानवाले, जमिनीवरचे कमांडो, सगळ्यांनी एकत्र मिळून पूर्ण सराव कधी केलाच नव्हता. प्रत्येक जण आपापल्या कामात हुशार, पण एकत्र पहिल्यांदा आले ते थेट त्या वाळवंटात. त्यानंतर त्यांच्याकडे रात्रीच्या हेलिकॉप्टरांची वेगळी तुकडी उभी राहिली, १९८७ मधे सगळ्या स्पेशल फोर्सेसचं एकच कमांड झालं, आणि न्यू मेक्सिकोतल्या कर्टलँड तळावर वेगवेगळ्या विमानांचे सिम्युलेटर एकमेकांना जोडून सराव करायची पद्धत रुजली. म्हणजे एका खोलीत हेलिकॉप्टरचा पायलट, दुसऱ्या खोलीत मालवाहू विमानाचा, आणि दोघांना स्क्रीनवर एकमेकांची विमानं दिसतात.

आता जमिनीवरच्यांचं. त्यांचे सिम्युलेटर वेगळ्या रूपाचे. उंचावरून उडी मारणाऱ्यांसाठी उभा वाऱ्याचा बोगदा, खालून एवढ्या जोरात हवा की माणूस तरंगतो, हिमाचलमधे बकलोहच्या स्पेशल फोर्सेस ट्रेनिंग स्कूलमधे आपल्या आर्मीचा पहिला असा बोगदा नोव्हेंबर २०२४ मधे सुरू झाला. पाण्यावरून जाणाऱ्यांसाठी हेलिकॉप्टरचा सांगाडा तलावात बुडवून उलटा करतात, अंधारात पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं, नौदलाची ती सोय कोचीला आहे. आणि विमानाला खालून लक्ष्य दाखवणारा जो असतो त्याच्यासाठी घुमट, आत चारी बाजूंनी गाव, डोंगर, ढग, हातात रेडिओ आणि दुर्बीण, वर विमानाचा आवाज. तो बोलतो आणि दुसऱ्या खोलीतला पायलट ऐकतो.

हे बोलणं हेच सगळ्यात अवघड असतं. एक प्रसंग सांगतो. छतावरून माणूस दोरीनं वर उचलायचा सराव होता. कॉकपिटमधे तरुण पायलट, आणि शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर जमिनीवरच्या टीमचा लीडर, वयानं मोठा, चांगला अनुभवी. हेलिकॉप्टर छतावर तरंगतंय, लीडर म्हणाला उजवीकडे दहा फूट. पायलट उजवीकडे गेला आणि पंखा सरळ पाण्याच्या टाकीत. मी फ्रीझ दाबलं. कोणी काही बोलेना. लीडर हेलिकॉप्टरकडे तोंड करून उभा होता, त्याचा उजवा म्हणजे पायलटचा डावा! दोघंही बरोबर होते आणि खऱ्या रात्री हे झालं असतं तर आठ-दहा माणसं गेली असती.

मग इन्स्ट्रक्टरनं काय केलं, कोणालाही रागावला नाही, लीडरला आणून पायलटच्या सीटवर बसवलं आणि पायलटला लीडरच्या जागी उभं केलं, आणि म्हणाला आता तू त्यांना सांग. लीडरला पहिल्यांदा कळलं की त्या सीटवरून स्वतःच्या पोटाखालचं काहीच दिसत नाही. पायलटला कळलं की खाली उभ्या माणसाला पंख्याच्या वाऱ्यात डोळे उघडे ठेवणंसुद्धा कठीण असतं, हे अर्थात लीडरनं तोंडी सांगितलं कारण खोलीत वारा नव्हता. त्यानंतर दोघांचं ठरलं, दिशा सांगायची ती हेलिकॉप्टरच्या नाकावरून, पुढे, मागे, नाकाचा उजवा, किंवा घड्याळाप्रमाणे अकरा वाजता, दोन वाजता. खरं तर हा नियम पुस्तकात आधीपासून आहेच, दोघांनी तो वाचलेलाही होता, पण तो अंगात शिरला त्या टाकीमुळे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सुदानचं बघ. एप्रिल २०२३ मधे खार्टूमजवळच्या वादी सय्यिदना इथे हवाई दलाचं सी-१३०जे हे मालवाहू विमान रात्री उतरलं, धावपट्टी खराब, दिवे नाहीत, खाली मार्गदर्शन करणारं कोणी नाही. आधी विमानातल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं पट्टीवर काही अडथळा नाही ना बघितलं, मग नाइट व्हिजन लावून उतरले, इंजिनं चालूच ठेवली, हवाई दलाच्याच गरुड कमांडोंनी तिथे अडकलेल्या १२१ लोकांना आणि त्यांच्या सामानाला विमानात घेतलं आणि लगेच उड्डाण. पायलटनं काय करायचं आणि गरुडांनी काय करायचं हे तिथे उतरल्यावर ठरवायला वेळच नसतो, ते आधीच एकमेकांना पाठ असावं लागतं.

सिम्युलेटरमधे उलटी होते म्हणे, हे खरं का? (वाचक, सिन्नर)

हो, होते, आणि नवशिक्यांपेक्षा जुन्या अनुभवी पायलटांना जास्त त्रास होतो असं दिसून आलंय, कारण त्यांच्या शरीराला खरं उडणं पाठ असतं आणि डोळा आणि कानात जराशी तफावत आली तरी ते लगेच ओळखतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी सिम्युलेटरनंतर लगेच खरं विमान हातात देत नाहीत. आमच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी कायम सीटच्या बाजूला असायची, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एवढे सिम्युलेटर आहेत तर रात्री आमच्या घरावरून हेलिकॉप्टर का फिरवतात? सासूबाईंना झोप लागत नाही, बाळ दचकून उठतं. (गृहिणी, नाशिकरोड)

वहिनी, त्रास होतो हे मला माहितीये, माझंही घर त्याच बाजूला आहे. पण सिम्युलेटरमधे एक गोष्ट आणता येत नाही, ती म्हणजे खरी भीती. डब्यात बसलेल्याला आत कुठेतरी माहिती असतं की आपण जमिनीवर आहोत. रात्रीचे चष्मे लावले की साधारण ४० अंशांएवढंच दिसतं, दोन पुठ्ठ्याच्या नळ्यांतून बघितल्यासारखं, आणि खोलीचा अंदाज जातो, तार जवळ आहे का लांब ते कळत नाही. मानेवर ओझं, समोर सगळं हिरवट. हे सिम्युलेटरमधे शिकता येतं, पण खऱ्या काळोखात, खऱ्या वाऱ्यात, मे महिन्याच्या खऱ्या धुळीत ते एकदा तरी करावंच लागतं, नाहीतर कारगिलला जानेवारी २०२४ मधे आपलं सी-१३०जे पहिल्यांदा रात्री उतरलं तसं कोणी उतरू शकणार नाही. चुका सिम्युलेटरमधे करून घ्यायच्या म्हणजे वर जाताना त्या कमी राहतात, इतकंच.

आवाज फारच उशिरापर्यंत किंवा फारच खालून येत असेल तर वेळ आणि तारीख लिहून ठेवा आणि लष्कराच्या स्टेशन मुख्यालयाला साधं पत्र द्या. आणि बाळाच्या खोलीची त्या बाजूची खिडकी रात्री लावून जाड पडदा सोडा, आम्ही तेच केलं, बराच फरक पडला.